ट्रॅक्टर पुढून उचलायलंय? आधी हुकावरचं वजन मोजा

केज-धारूर रस्त्यावर माझं ट्रॉली बनवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरल्या, की आठ-पंधरा दिवसांत पहिला ड्रायव्हर दारात उभा राहतो. "मिस्त्री, ट्रॅक्टर पुढून उचलायलंय. चढाला स्टेअरिंग फिरवलं तरी वळंना." मग मार्चपर्यंत हीच तक्रार, फक्त ट्रॅक्टरचा रंग बदलतो.

मागच्या हंगामात एक जण आला. त्याच्या बंपरला युरियाच्या दोन पोत्यांत खडी भरून नायलॉनच्या दोरीनं आवळलेली होती. तिसरं पोतं घासून फाटलेलं, त्यातली खडी वाटेत सांडून गेलेली. त्याच्या आधी म्हणे घाटात टोळीतली दोन पोरं बंपरवर बसवायचा. मी विचारलं, हुकावर वजन किती आहे? म्हणाला, "आठ टन." मी म्हटलं, ते ट्रॉलीतलं झालं. हुकावर, म्हणजे ट्रॉलीच्या दांडीनं ट्रॅक्टरवर दाबलेलं, किती? तो माझ्याकडं बघत राहिला. त्याचा काही दोष नाही, ट्रॉल्या बनवणाऱ्या आमच्यासारख्यांनाही हा प्रश्न कुणी विचारत नाही.

म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतो. फुकटची कामं आधी, खर्चाची मागून.

आधी लक्षणं

दोन अगदी उलट दुखणी एकाच वाक्यात सांगितली जातात, "ट्रॅक्टर नीट ओढत नाही." ती वेगळी करा.

हुकावर वजन जास्त असेल तर सपाट रस्त्यावरही स्टेअरिंग हलकं, लोण्यासारखं फिरतं. चढाला पुढची चाकं नुसती टेकलेली असतात, क्लच सोडताना टुणकन उचलतात. ड्रायव्हर नकळत एकेका ब्रेकवर वळायला लागतो. ही खूण लक्षात ठेवा. ड्रायव्हरचा पाय वळणावर ब्रेककडं जायला लागला, की पुढच्या चाकांनी काम सोडलेलं असतं.

हुकावर वजन कमी असेल, म्हणजे ऊस एक्सलच्या मागं जास्त भरला असेल, तर स्टेअरिंग चांगलं जड लागतं, पण मागची मोठी चाकं जागेवर फिरतात. उतारावर ट्रॉली शेपूट हलवते. खड्ड्यात दांडी वर उसळून हुकात धाडकन आवाज येतो. अशा ट्रॅक्टरला पुढं आणखी वजन लावलं तर दुखणं वाढतं, कारण मागची चाकं अजून हलकी होतात. दरवर्षी दोन-तीन जण हे करून माझ्याकडं येतात.

तिसरं लक्षण आवाजाचं. गिअर बदलताना, ब्रेक मारताना, उताराला सुरुवात होताना खडखड, धाडधाड. तो बहुतेक वेळा पिनेचा ढिलेपणा असतो, वजनाशी त्याचा संबंध थोडाच.

ट्रॉली दोन चाकी की चार चाकी?

हे विचारल्याशिवाय मी पुढं बोलतच नाही. दोन चाकी ट्रॉलीचं पुढचं टोक ट्रॅक्टरच्या हुकावरच टेकलेलं असतं, म्हणून मालाचा एक हिस्सा सरळ ट्रॅक्टरच्या पाठीवर येतो. चार चाकी ट्रॉलीची दांडी बिजागरीवर हलते. हुकावर वजन जवळजवळ फक्त दांडीचं. तरीही चार चाकी, अगदी डबल ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टरही पुढून उचलतात, पण ते ओढीमुळं. ओढ जेवढी मोठी आणि हूक जेवढा उंच, तेवढं पुढचं वजन मागच्या चाकांवर जातं. म्हणजे चार चाकीवाल्यानं भराईवर डोकं खपवून उपयोग नाही, त्यानं हुकाच्या उंचीवर आणि ओझ्यावर बघावं.

हे एकदा आकड्यांत बघा. समजा मोकळा ट्रॅक्टर २,००० किलोचा आहे, त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २ मीटर. हूक मागच्या एक्सलच्या ७५ सेंटिमीटर मागं. दोन चाकी ट्रॉलीनं हुकावर ८०० किलो टाकले, तर पुढून ३०० किलो उचलले जातात. ८०० ला ०.७५ नं गुणा, २ नं भागा. उरले ५००. आता चढ लागला, ओढ १,००० किलोची झाली आणि हूक जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आहे. १,००० ला ०.५ नं गुणा, २ नं भागा, आणखी २५० गेले. पुढं राहिले २५०.

स्टेअरिंगला पकड राहावी म्हणून मोकळ्या ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर पाहिजे. इथं तो ४०० होतो. म्हणजे १५० कमी पडले. हे १५० कुठून आणायचे, एवढाच खरा प्रश्न आहे. खडीच्या पोत्यानंही ते येतात, पण फुकटात येत असतील तर पोतं कशाला?

फुकटची कामं

पहिलं, क्लच. फडातून निघताना, विशेषतः ओल्या जमिनीत, वरच्या गिअरला रेस देऊन क्लच फेकायची सवय असते. त्या झटक्यात ओढ क्षणभर दुप्पट होते. खालच्या गिअरला, कमी रेसवर, क्लच सावकाश सोडून बघा. अर्धे ट्रॅक्टर इथंच शांत होतात, आणि मला एक रुपया मिळत नाही.

दुसरं, ब्रेकच्या दोन पेडलांना जोडणारा खटका. फडात वळायला तो काढतात आणि रस्त्यावर तसाच सुटा राहतो. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला आणि मागून आठ टन ढकलत असतील, तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं करते. रस्त्याला लागायच्या आधी खटका अडकवा. एकेका ब्रेकवर वळल्याशिवाय गाडी वळतच नसेल, तर ती रस्त्यावर आणू नका.

तिसरं, हवा. पुढची दोन्ही आणि मागची दोन्ही टायरं गेजनं मोजा, पंक्चरवाल्याच्या अंगठ्यानं नाही. आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो, शेतासाठी वेगळा, वाहतुकीसाठी वेगळा. मागं एका बाजूला हवा कमी असेल तर हूक तिरपा बसतो आणि ट्रॉली एका अंगाला ओढते.

चौथं काम भराईचं, आणि दोन चाकीवाल्यांसाठी हेच सगळ्यांत मोठं. टोळी भरायला लागते तेव्हा फळी मागून लावलेली असते, डोक्यावर मोळी घेऊन माणूस वर चढतो आणि पुढं नेऊन टाकतो. पुढचा फाळका गाठला की त्याला टेकून रचतच जातात, कारण तिथं मोळी टेकायला आधार असतो. त्यामुळं आपोआप पुढं ढीग होतो. मुकादमाला खेपेचं टनेज पाहिजे, तोल नको. ट्रॉलीच्या बाजूला एक्सलच्या बरोबर वर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून ठेवा. ढिगाचा माथा त्या पट्ट्याच्या थोडा पुढं असावा. फार पुढं नको, आणि मागं तर कधीच नको. हुकापासून एक्सल ३.५ मीटरवर असेल, तर २ टन ऊस फक्त ३५ सेंटिमीटर मागं सरकवला की हुकावरचे २०० किलो कमी होतात. वरच्या उदाहरणात त्यानं पुढं ७५ किलो परत येतात. दीड वीतीचा फरक आहे, टोळीला सांगितलं की होतो. फक्त सांगणारा फडात उभा पाहिजे.

काट्यावरची पावती

हा सगळ्यांत कामाचा उपाय आणि खर्च एका पावतीचा. कारखान्याच्या वजनकाट्यावर मागं रांग लागलेली असते, तिथं कुणी करू देणार नाही. मोंढ्याजवळच्या किंवा जिनिंगच्या खासगी काट्यावर दुपारच्या वेळी जा.

ट्रॉली न जोडता फक्त पुढची चाकं काट्याच्या पाटावर घ्या, आकडा लिहा. मग भरलेली ट्रॉली जोडून पुन्हा फक्त पुढचीच चाकं पाटावर. दोन्ही वेळा ब्रेक सोडून, गिअर न्यूट्रल करून, कारण ब्रेक आवळलेला असला की आकडा खोटा येतो. काट्याचा आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत आहे ना ते आधी बघा. फरक निघेल तेवढं ट्रॉलीनं पुढून उचललं. चढाची ओढ त्यात धरलेली नाही, म्हणून सपाटीवरच पाचव्या हिश्शाच्या जवळ आलात तर घाटाचा विचार सोडून द्या.

डोळ्यानं अंदाज काढता येत नाही का, असं विचारतात. मोटारीत येतो, कारण तिला पुढं स्प्रिंग असते, हलकी झाली की वर येते. आपल्या साध्या ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलला स्प्रिंगच नसते. वजन निम्मं झालं तरी बंपर जवळपास तिथंच दिसतो.

पिन आणि कडी

पिन काढा, पुसा, उजेडात धरा. मधोमध कंबर पडली असेल तर बदला. दांडीची कडी गोल असते, ती लांबट झाली असेल तर पिन नवी घालून महिनाभरच बरं वाटेल. पिनेखालची क्लिप तारेच्या तुकड्यानं बांधलेली असेल तर आधी ती विकत आणा, मग पुढचं वाचा. सेफ्टी चेन हवीच, दांडीखालून आडवी घेतलेली, म्हणजे पिन सुटली तर दांडी जमिनीत न रुतता चेनवर टेकते. पिनेच्या जागी कापलेला साधा बार घालू नका. मऊ लोखंड वाकतं, आणि वाकलेली पिन नेमकी घाटात निघत नाही.

हुकाच्या ब्रॅकेटचे बोल्ट बघताना एक खूण बघा. बोल्टाच्या डोक्याभोवती लालसर भुगा किंवा रंग उडून चकाकलेली कड दिसली, तर ते ब्रॅकेट आतल्या आत हलतंय. पान्यानं आवळून बघा, पण कारण शोधल्याशिवाय सोडू नका.

हुकाची उंची

सपाट जागी भरलेली ट्रॉली जोडून तिच्या सांगाड्यावर पाणसळ ठेवा. दोन चाकी ट्रॉली समतल किंवा नखभर पुढं झुकलेली चालते. नाक वर असेल तर माल मागं सरकतो आणि शेपूट हलायला लागतं.

चार चाकीला दांडीचा कल बघा. ट्रॅक्टरकडचं टोक वर आणि ट्रॉलीकडचं खाली असेल, तर प्रत्येक ओढीत ट्रॉली हुकाला मागं आणि खाली खेचते, म्हणजे पुढून उचलते. उलट असेल तर मागची चाकं हलकी होऊन फिरतात. दांडी शक्यतो आडवी सरळ ठेवा.

बऱ्याच ट्रॅक्टरांना हुकाच्या ब्रॅकेटला वर-खाली भोकं असतात. एक भोक खाली घेणं पान्याचं काम आहे. वरच्या उदाहरणात हूक १० सेंटिमीटर खाली आला की पुढं ५० किलो परत येतात. भराईचे ७५ आणि हे ५०, झाले १२५. राहिलेल्या २५ साठी बंपरवर वीसेक किलो पुरतात, का ते पुढं सांगतो. पोती नकोत, पोरं तर नकोतच.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही सांगितली तरी करू नका. ट्रॉली किंवा रुतलेली गाडी ओढायला साखळी टॉप लिंकच्या (मागच्या लिफ्टच्या वरच्या मधल्या दांडीच्या) जागी किंवा एक्सलच्या वर कुठंही अडकवू नका. तिथून ओढलं की ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरून उलटा होतो आणि सेकंदभरात सगळं संपतं, क्लचवर पाय जायलाही वेळ मिळत नाही. लिफ्टच्या दोन हातांमधली भोकांची आडवी पट्टीही भरलेल्या ट्रॉलीसाठी नाही. ती एक्सलपासून लांब मागं असते आणि लिफ्टचा दांडा कुणाच्या पायानं हलला तर हूकच वर येतो.

वजनं आणि पाणी

बंपरवर कंपनीची ओतीव वजनं लावा. ती पुढच्या एक्सलच्याही पुढं असल्यानं आपल्या वजनापेक्षा जास्त काम करतात. एक्सलच्या ७० सेंटिमीटर पुढं लावलेले १०० किलो पुढच्या चाकांवर सुमारे १३५ किलो होऊन बसतात, वरचे ३५ मागच्या चाकांवरून येतात. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपुढं जाऊ नका. मी स्वतः एका ओळखीच्या माणसाला जुन्या रेल्वे रुळाचे तुकडे वेल्ड करून दिले होते. हंगामात दोनदा पुढच्या हबचं बेअरिंग गेलं, आणि शेवटी ते तुकडे मीच कापले. पैसे मागायला तोंड राहिलं नाही.

मागच्या टायरात पाणी भरणं हा दुसऱ्या रोगाचा उपाय आहे. मागची चाकं फिरत असतील तर पाणी उपयोगी. पण पुढून उचलणाऱ्या ट्रॅक्टरला त्याचा काही उपयोग नाही, कारण ते वजन मागच्या एक्सलवरच बसतं. उलट मागची पकड वाढते, ओढ वाढते आणि तोंड आणखी सहज उचलतं. आधी चाक फिरून जी ओढ सुटायची, ती आता सुटत नाही.

तो स्प्रिंगवाला हूक

गेल्या वर्षापासून दोघा-तिघांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत मोठ्या पिकअप गाडीला घरासारखी ट्रॉली जोडतात, आणि हुकाच्या दोन्ही बाजूंनी दांडीकडं जाणाऱ्या दोन स्टीलच्या पट्ट्या ताणून बसवतात. "मिस्त्री, असला बनवून द्या."

ती वस्तू खरी आहे आणि तिचं गणित आपलंच आहे. ट्रॉलीचं नाक हुकावर बसलं की गाडी मागून दबते आणि पुढून हलकी होते. ताणलेल्या पट्ट्या ते वजन पुढच्या चाकांवर आणि ट्रॉलीच्या चाकांवर वाटून देतात. तिकडं अशा ट्रॉलीचं हुकावरचं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. पट्ट्या निवडताना ट्रॉली किती लांब आहे हे न बघता भरलेल्या ट्रॉलीचं हुकावरचं वजन मोजतात आणि गाडीत मागच्या एक्सलच्या मागं ठेवलेलं सामानही त्यात धरतात. पट्टी कमी ताकदीची घेतली तर पुढचं वजन परत येत नाही. फार ताकदीची घेतली तर मागची चाकं हलकी होतात आणि सांगाड्यावर नको तेवढा ताण येतो. बसवल्यावर पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजून खात्री करतात. आणि एवढं करूनही गाडीची मूळ ओढण्याची मर्यादा वाढत नाही.

आपल्याला तो का चालत नाही? तो सपाट रस्त्यासाठी आहे. बांध, नाला, फडातली सरी ओलांडताना आपली दांडी वर-खाली इतकी हलते, की ताणलेली पट्टी एक तर वाकेल, नाहीतर दांडीचं वेल्डिंग फाडेल. मोटारीच्या पट्टीचं काम ट्रॅक्टरमध्ये पुढची वजनं करतात. त्या व्हिडिओतून उचलण्यासारखी एकच गोष्ट आहे. ते लोक वस्तू विकत घ्यायच्या आधी हुकावरचं वजन मोजतात.

इथं थांबा

इथवर सगळं केलं आणि तरी पाचवा हिस्सा पुढं राहत नसेल, तर दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर माल आरसी बुकातल्या मर्यादेच्या वर आहे, आणि त्यावर मिस्त्रीकडं औषध नाही. किंवा ट्रॉलीचा एक्सलच चुकीच्या जागी बसवलेला आहे. एक्सल सरकवणं म्हणजे पाटे, शॅकल, सांगाडा सगळं उघडणं, आणि दोन्ही बाजू दांडीच्या कडीपासून मापून काटकोनात बसवणं. बोटभर फरक राहिला तरी ट्रॉली आयुष्यभर तिरकी चालते, टायर खाते. हे माप आणि जिग (पक्कं धरायचा साचा) असलेल्या फॅब्रिकेटरकडंच करा, शेतातल्या वेल्डिंग मशीनवर नाही.

दांडीच्या किंवा कडीच्या वेल्डिंगला केसाएवढी भेग दिसली तर वरून आणखी एक थर मारून हंगाम काढू नका. भेग खाली तशीच चालत राहते, फक्त दिसेनाशी होते. चार चाकीच्या टर्नटेबलमध्ये, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या गोल चकतीत, वर-खाली खेळ आला असेल तरी तेच, ट्रॉली रिकामी करून फॅब्रिकेटरच्या कारखान्यात न्या.

आणि हुकाचं ब्रॅकेट जिथं ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगला बसतं, तिथं तेल पाझरत असेल किंवा बोल्टाच्या भोकापासून तडा निघाला असेल, तर माझ्याकडंही येऊ नका. ते ओतीव लोखंड आहे, माझ्या वेल्डिंगनं धरणार नाही. कंपनीच्या मेकॅनिकला बोलवा आणि तोवर त्या ट्रॅक्टरला काहीही जोडू नका.

ट्रॉली तिथंच सोडवायची झाली तर आधी चाकांना पुढून-मागून दगड लावा, दांडीखाली जॅक घ्या, मग पिन काढा. शेपटाकडं जड असलेल्या ट्रॉलीची पिन जॅक लावूनही सैल होत नाही, कारण दांडी खाली दबण्याऐवजी वर ताणलेली असते. अशी पिन हातोड्यानं ठोकू नका. निघाली की दांडी सरळ हनुवटीवर येते. आधी मागच्या मोळ्या उतरवा, पिन बोटानं हलायला लागली की मगच काढा.